राखीव कॅचरची शाळा

राल्फ हाउक न्यूयॉर्क यँकीज संघात १९४७ ते १९५४ अशी आठ वर्षं होता आणि या आठ वर्षांत तो जेमतेम ९१ सामने खेळला. होमरन एकही नाही. संघाचा पहिला कॅचर योगी बेरा होता. बेरा धडधाकट आहे तोवर हाउकच्या नशिबी बाक ठरलेला. १९६१ साली हाच हाउक यँकीजचा मॅनेजर झाला आणि पहिल्या दोन्ही हंगामांत त्याने वर्ल्ड सिरीज जिंकून दाखवली. पुढे बढती मिळून तो जनरल मॅनेजर झाला आणि त्याच्या जागी मॅनेजर म्हणून आला खुद्द बेरा. १९६४ची वर्ल्ड सिरीज यँकीज सातव्या सामन्यात हरले आणि हाउकने बेराला नारळ दिला. खेळाडू म्हणून दहा वर्ल्ड सिरीज जिंकलेला, तीनदा लीगचा सर्वोत्तम खेळाडू ठरलेला कॅचर घरी बसला आणि त्याच्यामुळे ज्याला खेळायला मिळालं नव्हतं तो कॅचर साहेबाच्या खुर्चीत राहिला. यात कुणाला नियतीचा खेळ दिसेल. मला त्यात बेसबॉलमधली एक जुनी वहिवाट दिसते: या खेळात शिकवणारे आणि संघ चालवणारे लोक कॅचरांतून येतात, आणि त्यातही बाकावर बसलेल्या कॅचरांतून जरा जास्तच येतात.

क्रिकेटवर वाढलेल्या वाचकासाठी एक खुलासा आधी करायला हवा. बेसबॉलमधला मॅनेजर म्हणजे सामान आणि तिकिटं सांभाळणारा माणूस नव्हे. क्रिकेटमध्ये कर्णधार आणि प्रशिक्षक यांच्यात वाटली जाणारी कामं तो एकटा करतो. कोण खेळणार, पिचर कधी बदलायचा, बदली बॅटर कधी पाठवायचा, हे सामना चालू असताना तो डगआउटमधून ठरवतो. त्याच्या हाताखाली पिचिंगचा, बॅटिंगचा, बेसवरचा, बुलपेनचा असे वेगवेगळे कोच असतात. आता आकडे पाहू. १९९६ ते २००३ या आठ वर्षांत आठ वर्ल्ड सिरीज झाल्या आणि आठही जिंकणारे मॅनेजर पूर्वी कॅचर होते: जो टोरी चार वेळा, जिम लेलँड, बॉब ब्रेन्ली, माइक सोशा आणि जॅक मॅकीऑन प्रत्येकी एकदा. १९९६ ते २०१७ अशी बावीस वर्षं धरली तर बावीसपैकी पंधरा. टोरी पुढे पहिल्या आणि तिसऱ्या बेसवरही भरपूर खेळला. लेलँड, मॅकीऑन आणि जो मॅडन खेळाडू म्हणून मायनर लीगच्या वर कधी गेलेच नाहीत. हे सगळं वजा धरलं तरी आकडा मोठाच राहतो, कारण सव्वीस जणांच्या संघात कॅचर असतात साधारण दोन. चिठ्ठ्या टाकून मॅनेजर निवडले असते तर तेरांत एखादा कॅचर निघाला असता. ही बावीस वर्षं माझ्या म्हणण्याला सोयीची आहेत, हेही सांगून टाकतो. २०१८ ते २०२५ या आठ वर्षांत फक्त दोन वर्ल्ड सिरीज माजी कॅचरांनी जिंकल्या, ब्रायन स्निटकर आणि ब्रूस बोची यांनी. त्याच काळात डेव्ह रॉबर्ट्स या माजी आउटफिल्डरने एकट्याने तीन जिंकल्या. त्याचा विचार पुढे येईलच.

या वहिवाटीचं नेहमीचं स्पष्टीकरण असं की कॅचरला सगळं मैदान दिसतं. ते खरंच आहे. नऊ जणांपैकी आठ जण होम प्लेटकडे तोंड करून उभे असतात, कॅचर एकटा त्यांच्याकडे तोंड करून बसतो. एका सामन्यात त्याच्या संघाचे पिचर मिळून सुमारे दीडशे चेंडू टाकतात आणि त्यातल्या जवळपास प्रत्येक चेंडूआधी त्याला काहीतरी ठरवावं लागतं. बेसवर धावपटू असेल तर पिचरला चेंडू टाकायला १८ सेकंद मिळतात, बेस रिकामे असतील तर १५. एवढ्या वेळात कॅचर बॅटरचे पाय कुठे आहेत ते पाहतो, मागच्या चेंडूवर त्याची बॅट लवकर फिरली की उशिरा हे आठवतो, पहिल्या बेसवरचा गडी किती पुढे सरकलाय ते डोळ्याच्या कोपऱ्यातून टिपतो, आजचा पंच खालचा चेंडू स्ट्राइक देतोय की नाही याचा हिशेब करतो आणि मग पिचरला चेंडूचा प्रकार आणि जागा सुचवतो. पूर्वी हे दोन मांड्यांच्या मधे बोटं दाखवून चालायचं. २०२२पासून पिचकॉम नावाचं यंत्र आलं. कॅचर बटण दाबतो आणि पिचरला टोपीत आवाज ऐकू येतो. पिचरला पटलं नाही तर तो मान हलवतो, मग दुसरा बेत. चेंडू १८.४४ मीटरवरून ताशी दीडशे किलोमीटरच्या वेगाने येतो, म्हणजे अर्ध्या सेकंदाच्या आत हातमोज्यात. तेवढ्यात धावपटू दुसऱ्या बेसकडे सुटला असेल तर उकिडव्या बैठकीतून उठून जवळजवळ ३९ मीटरवर फेक करायची, आणि चेंडू हातात आल्यापासून तिथे पोचेपर्यंत सगळे मिळून दोन सेकंद. पिचर घाबरला, चिडला किंवा दमला तर उठून त्याच्यापाशी जायचं ते वेगळंच. या जाण्यावरही बंधन आहे: २०२४पासून नऊ इनिंगमध्ये अशा फक्त चार फेऱ्यांना परवानगी आहे. कोच डगआउटमधून चालत गेला काय आणि कॅचर प्लेटमागून गेला काय, फेरी एकाच खात्यात पडते. दुसरा एखादा क्षेत्ररक्षक गेला तरी ती मोजली जाते, पण जातो बहुधा कॅचरच. दोघांचं काम एकाच जातीचं आहे हे नियम करणाऱ्यांनी नकळत मान्य केल्यासारखं आहे.

पण नुसतं मैदान दिसून भागत असतं तर सर्वोत्तम कॅचर हेच सर्वोत्तम मॅनेजर व्हायला हवे होते. तसं झालेलं नाही. जॉनी बेंच, कार्लटन फिस्क, इव्हान रॉड्रिगेझ ही कॅचरांतली सर्वांत मोठी नावं. मेजर लीगमध्ये यांपैकी एकही मॅनेजर झाला नाही. उलट मॅनेजर म्हणून नावारूपाला आलेल्यांची बॅटिंग पाहिली तर हसू येईल. टॅम्पा बे रेजचा केव्हिन कॅश २०२० आणि २०२१ असा लागोपाठ दोनदा अमेरिकन लीगचा सर्वोत्तम मॅनेजर ठरला. त्याची बॅटर म्हणून कारकिर्दीतली सरासरी ०.१८३. कॅन्सस सिटीला २०१५ची वर्ल्ड सिरीज मिळवून देणारा नेड योस्ट ०.२१२. चार वर्ल्ड सिरीज जिंकणारा ब्रूस बोची ०.२३९. बेसबॉलमध्ये पाव म्हणजे ०.२५० ही कामचलाऊ बॅटरची खूण. हे तिघे त्याच्याही खाली. त्यामुळे मैदानाकडे तोंड करून बसण्यात जादू आहे हे मला पुरेसं वाटत नाही. प्रश्न वेगळा विचारायला हवा: इतकी सुमार बॅटिंग असलेला माणूस संघात वर्षानुवर्षं टिकतो तो कशाच्या जोरावर?

उत्तर त्याच्या रोजच्या कामात आहे. हंगाम १६२ सामन्यांचा असतो आणि गुडघ्यांवर बसणाऱ्या माणसाकडून ते सगळे होत नाहीत, म्हणून दुसरा कॅचर ठेवावाच लागतो. त्याच्या वाट्याला साधारण चाळीसेक सामने येतात. उरलेले दिवस तो बुलपेनमध्ये तयारी करणाऱ्या पिचरांचे चेंडू घेतो, प्रतिस्पर्धी बॅटरांचे कच्चे दुवे काढणाऱ्या बैठकीत बसतो, आणि डगआउटमध्ये मॅनेजरच्या आसपास राहून निर्णय कसे होतात ते ऐकतो. आउटफिल्डर बाकावर बसला की आपल्या बॅटची वाट पाहतो; राखीव कॅचर बसला की दुसऱ्याच्या कामात गुंततो, कारण त्याची पुढच्या वर्षीची नोकरी त्यावरच असते. "त्याच्याबरोबर पिचर चांगले टाकतात" एवढं एक वाक्य संघात पसरलं की ०.२१०च्या बॅटरलाही करार मिळतो. म्हणजे खेळाडू असतानाच त्याची किंमत दुसऱ्याच्या कामगिरीवरून ठरते. कोचची किंमत ठरवायचं मापही हेच. म्हणून कॅचर निवृत्त होऊन कोच झाला असं आपण म्हणतो तेव्हा धंदा बदललेला नसतो, फक्त पॅड उतरलेले असतात. आपल्याकडे याला जवळचं उदाहरण यष्टीरक्षकांत सापडतं. मुंबईचे चंद्रकांत पंडित भारताकडून पाच कसोटी खेळले, तेही किरमाणी आणि किरण मोरे यांच्या जमान्यात. प्रशिक्षक म्हणून मात्र त्यांनी मुंबई, विदर्भ आणि मध्य प्रदेश अशा तीन वेगळ्या संघांना रणजी करंडक मिळवून दिला. साम्य इथेच संपतं, कारण यष्टीरक्षक गोलंदाजाला सल्ला देईल, पण चेंडू कोणता टाकायचा हे ठरवणारा तो नसतो. बेसबॉलमधला कॅचर ते रोज ठरवतो आणि चुकला तर शिव्या पिचर खातो. दुसऱ्याच्या नावावर पडणारी चूक आपल्या निर्णयाने होऊ शकते, ही जाणीव पंचविशीत होणं हे मॅनेजरकीचं मोठं शिक्षण आहे.

बोचीची कारकीर्द या दृष्टीने तपासण्यासारखी आहे. जन्म १९५५ साली फ्रान्समध्ये, वडील अमेरिकी लष्करात. ह्यूस्टन, न्यूयॉर्क मेट्स आणि सॅन डिएगो या तीन संघांत मिळून नऊ हंगाम, ३५८ सामने, २६ होमरन. सॅन डिएगो १९८४ साली वर्ल्ड सिरीजपर्यंत पोचलं तेव्हा तिथला पहिला कॅचर टेरी केनेडी होता आणि बोची त्याच्या मागे. खेळणं संपल्यावर तो थेट मोठ्या खुर्चीत बसला नाही. १९८९ ते १९९२ त्याने मायनर लीगमधले संघ चालवले, मग दोन वर्षं सॅन डिएगोच्या तिसऱ्या बेसपाशी कोच म्हणून उभा राहिला, आणि १९९५ला मॅनेजर झाला. १९९८ला संघ वर्ल्ड सिरीजपर्यंत गेला. २००७पासून सॅन फ्रान्सिस्को जायंट्स. २०१०, २०१२ आणि २०१४ अशा तीन वर्ल्ड सिरीज. मग तीन वर्षं घरी, आणि टेक्सस रेंजर्स या २०२२ साली ९४ सामने हरलेल्या संघाला पुढच्याच वर्षी विजेतेपद. त्या वर्षी प्लेऑफमध्ये परक्या मैदानांवरचे अकराच्या अकरा सामने टेक्ससने जिंकले.

या माणसाचं कसब पाहायचं तर २९ ऑक्टोबर २०१४ची रात्र घ्यावी. कॅन्सस सिटी, वर्ल्ड सिरीजचा सातवा सामना. गंमत म्हणजे समोरच्या डगआउटमध्येही माजी राखीव कॅचरच, नेड योस्ट. बोचीने सुरुवातीचा पिचर टिम हडसनला दुसरी इनिंगही पुरी करू दिली नाही. हडसन मानाचा, अनुभवी पिचर. वर्ल्ड सिरीजचा सातवा सामना सुरू करायचं भाग्य त्याला चाळिशीच्या उंबरठ्यावर मिळालेलं. भावनेने पाहिलं तर त्याला आणखी एक बॅटर द्यावा असं कुणालाही वाटलं असतं. बोचीने जेरेमी अफेल्टला आणलं आणि त्याच्याकडून सव्वादोन इनिंगहून थोडं जास्तच काम काढलं. पाचव्या इनिंगला आला मॅडिसन बमगार्नर. तीनच दिवसांपूर्वी याच पिचरने ११७ चेंडू टाकून अख्खा सामना एकट्याने संपवला होता. रीतीप्रमाणे अशा पिचरकडून एखाद-दोन इनिंगची अपेक्षा करायची आणि मग शेवटचे ठरलेले पिचर आणायचे. बोचीने त्याला शेवटपर्यंत ठेवलं: पाच इनिंग, ६८ चेंडू, ३-२ने विजय. नवव्या इनिंगला दोन गडी बाद असताना बरोबरीची धाव तिसऱ्या बेसवर येऊन उभी राहिली, तरी बोची डगआउटमधून हलला नाही. चेंडूंची मोजणी म्हणत होती की हा दमला असणार. प्लेटमागे बसलेल्या बस्टर पोझीला चेंडू अजून जिवंत दिसत होता. दमणं आकड्यात नव्हे, चेंडूच्या शेवटच्या दोन मीटरमध्ये दिसतं, हे ज्याने नऊ वर्षं तेच दोन मीटर पाहिले त्याला कळतं, असा माझा तर्क आहे. तो तर्कच आहे. एका रात्रीच्या यशावरून सिद्धांत होत नाही, आणि शेवटचा बॅटर सॅल्वडोर पेरेझचा उंच उडालेला चेंडू जरा वेगळा बसला असता तर हाच निर्णय हटवादीपणाचा नमुना म्हणून सांगितला गेला असता.

शिकवण्याचा धागा मात्र एका रात्रीवर अवलंबून नाही. तो पिढ्यांतून दिसतो. तरुण योगी बेरा कॅचर म्हणून कच्चा होता. १९४७च्या वर्ल्ड सिरीजमध्ये ब्रुकलिन डॉजर्सच्या धावपटूंनी त्याच्यावर मनसोक्त बेस चोरले आणि त्याला अधूनमधून आउटफिल्डमध्ये पाठवायची वेळ आली. १९४९ला केसी स्टेंगल मॅनेजर झाला आणि त्याने बिल डिकीला कोच म्हणून आणलं. डिकी हा यँकीजचा आधीच्या काळातला थोर कॅचर, सरासरी ०.३१३. त्याने बेराचे पाय, बसण्याची जागा, फेक, पिचरला चेंडू सुचवणं, सगळं पहिल्यापासून शिकवलं. १९५६ला डॉन लार्सनने वर्ल्ड सिरीजमध्ये एकही बॅटर बेसवर जाऊ न देता सामना संपवला, ९७ चेंडूंत, तेव्हा बेराने सुचवलेला एकही चेंडू त्याने नाकारला नव्हता. डिकी आणि बेरा दोघांचाही क्रमांक ८. यँकीजने १९७२ला तो दोघांच्या नावे एकदमच निवृत्त केला. डॉजर्सकडे अशीच दुसरी साखळी होती. १९५८च्या जानेवारीत मोटार अपघातात त्यांचा कॅचर रॉय कॅम्पनेला कायमचा अपंग झाला. पुढे वर्षानुवर्षं तो व्हीरो बीचच्या सराव शिबिरात चाकांच्या खुर्चीत बसून तरुण कॅचरांना शिकवत असे. त्या तरुणांतला एक माइक सोशा, ज्याने २००२ला एंजल्सला विजेतेपद मिळवून दिलं आणि एकोणीस हंगाम तो संघ चालवला. हात-पाय न हलवता कॅचरकी शिकवता येते, यावरून त्या कामातला किती भाग अंगाचा आणि किती डोक्याचा याचा अंदाज यावा.

इथे एक आक्षेप येतो आणि तो मला सर्वांत वजनदार वाटतो. ही शाळा सगळ्यांना सारखी उघडी होती का? नव्हती. डिकीचा दुसरा शिष्य एल्स्टन हॉवर्ड, १९५५ला यँकीजकडून खेळलेला पहिला कृष्णवर्णीय खेळाडू. आउटफिल्डर म्हणून आलेल्या हॉवर्डला डिकीने कॅचर केलं. तो बेराच्या मागे थांबला, मग पहिला कॅचर झाला, १९६३ला अमेरिकन लीगचा सर्वोत्तम खेळाडू ठरला आणि १९६९ला त्या लीगमधला पहिला कृष्णवर्णीय कोच. हाउककडे जे होतं ते सगळं हॉवर्डकडे होतं, वर बॅटिंगही होती. त्याला मॅनेजर व्हायचं होतं आणि ते पद त्याला कधीच मिळालं नाही. १९८० साली तो वारला. कॅम्पनेलाने १९४६ला नॅशुआच्या संघात, मॅनेजर वॉल्टर अॅल्स्टनला पंचांनी बाहेर काढल्यावर, उरलेला सामना स्वतः चालवून जिंकून दिला होता. ती संधी तेवढ्या सामन्यापुरतीच राहिली. तेव्हा कॅचरची जागा मॅनेजर घडवते हे म्हणताना, घडलेल्यांतून कुणाला उचलायचं हे मालक ठरवतात, हेही त्याच दमात म्हणावं लागतं. शिवाय अमेरिकेतल्या कृष्णवर्णीय मुलांना पूर्वीपासून आउटफिल्डकडे ढकललं गेलं. डस्टी बेकर आणि डेव्ह रॉबर्ट्स हे दोघे मॅनेजरही तिथलेच. मॅनेजर कॅचरांतूनच शोधायचे असं ठरवलं की वाट आपोआप अरुंद होते. रॉबर्ट्सची तीन विजेतेपदं मी या वहिवाटीविरुद्धचा पुरावा मानतो, अपवाद म्हणून बाजूला सारत नाही.

याच आक्षेपाचं सौम्य रूप असं: कॅचर चांगले मॅनेजर होतात म्हणून नेमले जात नाहीत, मालकांची तशी समजूत आहे म्हणून नेमले जातात, आणि बरेच नेमले की काही जिंकणारच. यात तथ्य आहे. माइक मॅथिनीला सेंट लुइस कार्डिनल्सने २०१२ला मॅनेजर केलं तेव्हा व्यावसायिक संघ चालवण्याचा त्याला अनुभव नव्हता. २०१३ला तो वर्ल्ड सिरीजपर्यंत पोचला, २०१८च्या जुलैत हंगाम अर्ध्यावर असताना त्याला काढलं. ए. जे. हिंच चौतिसाव्या वर्षी, तोही कार्यालयातून थेट, अॅरिझोनाचा मॅनेजर झाला. ८९ विजय आणि १२३ पराभवांनंतर गेला. तोच हिंच २०१७ला ह्यूस्टनचा मॅनेजर म्हणून विजेता ठरला, पण त्या विजयाला डाग लागला: कॅमेऱ्यावरून प्रतिस्पर्धी कॅचरच्या खुणा चोरून कचऱ्याचा डबा बडवून बॅटरला कळवायचा उद्योग त्याच्या संघात चालला होता. चौकशीत दिसलं की त्याने तो मॉनिटर दोनदा फोडला, पण खेळाडूंना समोर बसवून थांबवलं नाही. खुणांची किंमत कॅचरइतकी कुणाला ठाऊक असणार? तरी जमलं नाही. या उदाहरणांवरून मी एवढंच म्हणतो की बाकावरची शाळा ही अर्धीच शाळा. हाउकने डेन्व्हरचा संघ तीन वर्षं चालवला होता, बोचीने मायनर लीगमध्ये चार वर्षं काढली होती. कॅचरला पिचर कळतो. पंचवीस-सव्वीस जणांचं गणगोत सांभाळणं त्याला वेगळं शिकावं लागतं. अलीकडे माजी कॅचर स्टीफन व्होटने हे कोष्टक बिघडवलं आहे: २०२२ला निवृत्त, एक वर्ष सिअॅटलमध्ये बुलपेन कोच, आणि क्लीव्हलंडचा मॅनेजर म्हणून २०२४ आणि २०२५ असा दोनदा लीगचा सर्वोत्तम. कारकिर्दीच्या सुरुवातीला सलग ३२ वेळा त्याला एकही हिट मिळाला नव्हता, मग पहिला हिट म्हणजे थेट होमरन. अपयश सोसलेल्या माणसाला नवख्या खेळाडूशी बोलता येतं, असं त्याच्याबद्दल म्हणतात. मला ते खरं वाटतं, फक्त मोजता येत नाही.

हे अमेरिकेपुरतं नाही हे दाखवायला जपानचा कात्सुया नोमुरा पुरे. १९५४ला तो नानकाई हॉक्समध्ये चाचणी देऊन शिरला, तेही बुलपेनमध्ये चेंडू घेणारा हरकाम्या म्हणून. पुढे ६५७ होमरन मारून तो जपानमध्ये सादाहारू ओहच्या खालोखाल गेला आणि १९७० ते १९७७ खेळत खेळत नानकाईचा मॅनेजरही राहिला. पण त्याचं खरं नाव झालं ते १९९० ते १९९८ या काळात याकुल्ट स्वॅलोजचा मॅनेजर म्हणून. आकडेवारी, टिपणं, लांबलचक बैठका यांवर उभं केलेलं त्याचं बेसबॉल, आणि तीन जपान सिरीज, १९९३, १९९५ आणि १९९७. त्याने हाताशी धरलेला माणूस म्हणजे आत्सुया फुरुता, चष्मा लावतो म्हणून अनेक संघांनी टाळलेला कॅचर. संघ बॅटिंग करत असताना फुरुताला जवळ बसवून नोमुरा सतत शिकवत, झाडत असे. पुढे १९९९ला नोमुरा हानशिन टायगर्सकडे गेला, तीच टिपणं, त्याच बैठका, आणि संघ सलग तीन वर्षं तळाला. तिथे फुरुता नव्हता. मॅनेजरच्या डोक्यातलं ज्ञान मैदानावर उतरवायला पुन्हा कॅचरच लागतो, असं या फरकाचं माझं वाचन आहे. हानशिन मुळातच दुबळा होता असं कुणी म्हटलं तर तेही खोडता येणार नाही.

आता नव्या काळाचा मुद्दा. टॅनर स्वॉनसन हा व्यावसायिक बेसबॉल कधीच खेळलेला नाही, तरी गेल्या काही वर्षांतला सर्वांत प्रभावी कॅचिंग कोच तोच. कॉलेजच्या संघांतून तो मिनेसोटा ट्विन्समध्ये आला आणि कॅचरांना दोन्ही पायांवर उकिडवं बसवायच्या ऐवजी एक गुडघा जमिनीला टेकवायला लावला. त्याने खालचा चेंडू खालून वर, अलगद घेता येतो आणि पंचाला तो स्ट्राइकसारखा दिसतो. आधी मिच गार्व्हर सुधारला. मग स्वॉनसन यँकीजकडे गेला आणि तिथला होझे ट्रेव्हिनो २०२२ला लीगमधला सर्वोत्तम बचावपटू ठरला. आज तशी बैठक जवळपास सगळीकडे दिसते. पिढ्यान्‌पिढ्यांच्या माजी कॅचरांनी जे चुकीचं म्हणून मुलांना झापलं तेच बरोबर निघालं. माझ्या मुद्द्याला याने तडा जातो का? तंत्राच्या बाबतीत जातो, आणि जाऊ द्यावा. स्वतःच्या गुडघ्यांनी शिकलेला माणूस स्वतःची बैठक सोडायला तयार नसतो. पण दीडशे चेंडूंचे दीडशे निर्णय तंत्रात मोडत नाहीत. पिचकॉमचं यंत्र डगआउटमधून चालवायला मेजर लीगने बंदी ठेवली आहे. २०२६च्या हंगामापासून स्ट्राइक-बॉलच्या निर्णयावर यंत्राकडे दाद मागायची सोय आहे, प्रत्येक संघाला सुरुवातीला दोन संधी, आणि ती मागण्याचा हक्क फक्त बॅटर, पिचर आणि कॅचर यांना. मॅनेजरला नाही, डगआउटमधून इशाराही चालणार नाही. चेंडू अलगद घेऊन पंचाला भुलवण्याची कला यामुळे थोडी स्वस्त होईल. संधी कधी वापरायची, कधी राखायची हा नवा निर्णय मात्र बहुतेक वेळा प्लेटमागच्या माणसाकडेच जाईल.

आणि तरीही वहिवाट मोडायला निघालाय तो एक कॅचरच. बस्टर पोझी, बोचीच्या जायंट्समधल्या तिन्ही विजेत्या संघांचा कॅचर, २०२४च्या सप्टेंबरअखेरीस जायंट्सच्या बेसबॉल विभागाचा अध्यक्ष झाला. वर्षभराने त्याने बॉब मेल्विनला मॅनेजरपदावरून काढलं. मेल्विनही जुना कॅचर. आणि २०२५च्या ऑक्टोबरमध्ये त्या जागी आणलं टेनेसी विद्यापीठाच्या कोचला, टोनी विटेलोला. विटेलो व्यावसायिक बेसबॉल एकदाही खेळलेला नाही, व्यावसायिक संघात त्याने कोच म्हणूनही काम केलेलं नाही. कॉलेजातून असा थेट मेजर लीगच्या मॅनेजरपदी आलेला तो पहिलाच. तो ज्या कॉलेज बेसबॉलमधून येतो तिथे चेंडू कोणता टाकायचा हे बहुधा कोचच बाहेरून कळवतो, कॅचर फक्त निरोप पोचवतो. म्हणजे कॅचरने करायचा विचार तिथे डगआउटमध्ये उभं राहून केला जातो. सॅन फ्रान्सिस्कोत त्याला ते काम कॅचरच्या हाती सोपवावं लागेल. सोबतीला त्याच सुमारास जायंट्सने सल्लागार म्हणून बोचीला परत बोलावून घेतलं आहे.